कम्युनिटी कॉलेजात पॅरालीगल शिकून खरंच काम मिळतं का?

मृण्मयी_स
नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, आज प्रश्न घेऊन आले आहे.

पुण्यात एलएल.बी. केलं, मग सोलापूरला जिल्हा न्यायालयात एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली काम केलं. बहुतेक दिवाणी दावे : वाटप, मनाई हुकूम, भाडेकरूंची भांडणं. लग्नानंतर कॅलिफोर्नियात सनीवेलला आले. एच-४ वर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) आहे. नवऱ्याचं आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झाल्यावर मला ईएडी, म्हणजे काम करण्याचा परवाना, मिळालं आणि लेक आता पूर्ण वेळ शाळेत जाते.

ओळखीतले सगळे एकच सल्ला देतात : क्यूए टेस्टिंगचा (सॉफ्टवेअर तपासण्याचा) कोर्स कर, लगेच लागशील. त्यात मला काडीचाही रस नाही. मला दाव्याची फाइल पहिल्या पानापासून वाचायला आवडते, तारखा लावायला आवडतात, कोणता कागद कुठे कमी पडतोय ते शोधायला आवडतं. जवळच्या कम्युनिटी कॉलेजात (स्थानिक सरकारी कॉलेज) पॅरालीगलचं, म्हणजे वकिलाच्या हाताखाली कायद्याचं काम करणाऱ्या मदतनीसाचं, प्रमाणपत्र आहे असं कळलं. संध्याकाळचे वर्ग आहेत, फी परवडेल अशी आहे.

यातून खरंच काम मिळतं का? भारतातल्या एलएल.बी.ला इथे काही किंमत आहे का? आणि वकिली केलेल्या माणसाने हे करावं का? तिसरा प्रश्न घरात रोज निघतो, म्हणून इथेही विचारते.

खलबत्ता
धागा वाचतोय. बायकोसाठी हीच माहिती हवी होती.

रेवा_फ्रीमाँट
मृण्मयी, मी इथे लिटिगेशन (कोर्टातल्या दाव्यांचं काम बघणारी) पॅरालीगल आहे. कम्युनिटी कॉलेजातूनच शिकले, त्याआधी बी.ए. इतिहास. सविस्तर लिहिते.

कॅलिफोर्नियात 'पॅरालीगल' ही बिरुदावली कुणालाही लावता येत नाही. बिझनेस अँड प्रोफेशन्स कोडचं कलम ६४५० त्यासाठी आहे. ढोबळमानाने तीन रस्ते : अमेरिकन बार असोसिएशनने (एबीए, वकिलांची देशव्यापी संघटना) मान्य केलेल्या अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र, किंवा मान्यताप्राप्त संस्थेतून कायद्याच्या विषयांचे किमान २४ सेमिस्टर युनिट (क्रेडिट) असलेलं प्रमाणपत्र वा पदवी, किंवा कुठल्याही विषयातली पदवी अधिक वकिलाच्या देखरेखीखाली एक वर्षाचा अनुभव आणि त्या वकिलाचं लेखी निवेदन. शिवाय दर दोन वर्षांनी ४ तास नीतिनियम आणि ४ तास कायदा असं शिक्षण चालू ठेवावं लागतं.

कॉलेज निवडताना आधी त्याच्या अभ्यासक्रमाला एबीएची मान्यता आहे का ते एबीएच्या यादीत पाहा. कायद्याने ती एकच अट नाही, पण नोकरीच्या जाहिरातींत ती सारखी दिसते.

फी : राज्यातल्या रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजात एका युनिटला ४६ डॉलर. म्हणजे २४ युनिटचे ११०४. पुस्तकं वेगळी, आणि कायद्याची पुस्तकं महाग असतात. रहिवासी ठरायला एक वर्षाहून जास्त वास्तव्य आणि त्याचे कागद लागतात. एच-४ वाल्यांना ते मिळतं, फक्त प्रवेशाच्या वेळी कॉलेजच्या ऑफिसात चिकाटीने बोलावं लागतं. रहिवासी नसाल तर युनिटचा दर कितीतरी पट होतो, त्यामुळे हे आधी मिटवा.

आता प्रत्यक्ष काम. समोरच्या पक्षाने परिप्रश्न, म्हणजे दाव्याबद्दलचे लेखी प्रश्न, पाठवले की उत्तराला ३० दिवस. टपालाने बजावणी झाली असेल तर राज्यातल्या राज्यात ५ दिवस वाढतात, इलेक्ट्रॉनिक बजावणी असेल तर कोर्टाच्या कामकाजाचे २ दिवस. हे मोजून कॅलेंडरात टाकणं माझं काम. मग अशिलाकडून कागद येतात : ईमेल, बिलं, करार, फोनमधल्या मेसेजचे फोटो, कधी चहाचे डाग पडलेल्या वह्या. प्रत्येक पानावर क्रमाने बेट्स नंबर पडतो. सोलापूरला तुम्ही निशाणी क्रमांक पाहिले असतील, त्याच शिस्तीचं काम, फक्त इथे एका प्रकरणात पानं लाखावर जाऊ शकतात. वकील आणि अशील यांच्यातला पत्रव्यवहार समोरच्याला द्यायचा नसतो. तो बाजूला काढून त्याची यादी करायची : तारीख, कोणी कोणाला लिहिलं, का रोखला. त्या यादीतून एक ईमेल निसटला तरी वकिलाची झोप उडते.

ज्याला फाइल पहिल्या पानापासून वाचायला आवडते त्याने हे काम जरूर करावं.

पश्चिमघाट
जरा विरोधी सूर लावतो, राग मानू नका. मी आयटीत आहे. कागद वाचणं, वर्गवारी करणं, सारांश काढणं ही तीनही कामं एआय आज करतंय. दोन वर्षं घालवून माणूस बाहेर पडेल तेव्हा हे काम उरेल का? आणि वकिली केलेल्या माणसाने मदतनीसाचं काम करणं म्हणजे पायरी उतरणं आहे. सोलापूरला त्या स्वतः कोर्टात उभ्या राहत होत्या.

नलूमावशी
पश्चिमघाट, पायरी कसली? मी मुंबईत उच्च न्यायालयाजवळ एका वकिलांच्या ऑफिसात २० वर्षं टंकलेखन आणि लघुलेखन केलं. आमचे कारकून रोज सकाळी आधी बोर्ड बघत, आपलं प्रकरण कितव्या नंबरवर लागलंय ते साहेबांना सांगत. नक्कल कधी मिळेल, कोर्ट फी किती, कुठल्या खिडकीवर कोण बसतो, सगळं त्यांच्या डोक्यात. ते रजेवर गेले की मोठमोठे वकील गोंधळून जात. कामाला काम म्हणून मान द्या.

मृण्मयी बेटा, तू कर.

ओवी२१
+१ नलूमावशी.

इंद्रायणीकाठ
मृण्मयी, अर्ज भरण्याआधी एक गोष्ट तपासा. या धाग्यावर ती अजून कुणी काढली नाही.

तुमच्याकडे महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलची सनद आहे का? असेल तर कॅलिफोर्नियाची बार परीक्षा (वकिलीच्या परवान्याची परीक्षा) तुम्हाला थेट देता येऊ शकते. परदेशात वकिलीचा परवाना असलेल्या माणसाला इथे एलएल.एम. (कायद्याची पदव्युत्तर पदवी) करण्याची सक्ती नाही. परवाना नसेल, फक्त पदवी असेल, तर मात्र इथे आधी काही अभ्यास करावा लागतो. परीक्षा वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि जुलैत. त्याशिवाय नीतिनियमांची वेगळी परीक्षा आणि चारित्र्याची पडताळणी. न्यूयॉर्कचा रस्ता निराळा. तिथे नियम ५२०.६ खाली तुमची पदवी किती वर्षांची, कुठल्या पद्धतीच्या कायद्याची, हे तपासतात आणि कमी पडलं तर एलएल.एम. सांगतात.

परदेशी वकिलांचा उत्तीर्ण होण्याचा दर कमी असतो हेही सांगून ठेवतो. प्रश्न बुद्धीचा नाही. इथले टॉर्ट (नुकसानभरपाईचे दिवाणी दावे), राज्यघटना, पुरावा यांचे नियम आणि वेळेच्या बंधनात निबंध लिहिण्याची पद्धत आपल्या अंगवळणी नसते.

परदेशी जाताना बरेच जण सनद स्थगित करून येतात. तुम्ही केली असेल तर ती आज कुठल्या स्थितीत आहे ते बार कौन्सिलकडून लेखी मागवा. हा कागद यायला वेळ लागतो. पॅरालीगल करा किंवा बार, सुरुवात या कागदापासून.

मृण्मयी_स
इंद्रायणीकाठ, हे मला खरंच माहीत नव्हतं. इथे मला सगळ्यांनी 'भारतातली वकिली इथे शून्य' असंच सांगितलं होतं. सनद आहे, इथे येताना स्थगित केलेली नाही. भावाला आजच सांगते चौकशी करायला.

पश्चिमघाट, राग अजिबात नाही. घरातही हाच मुद्दा निघतो म्हणून तर धागा काढला.

टोरांटोकर
अवांतर आहे पण उपयोगी पडेल. आमच्याकडे ओंटारियोत पॅरालीगल ही स्वतंत्र परवानाधारक जमात आहे. २००७ पासून लॉ सोसायटी (तिथली वकिलांची नियामक संस्था) त्यांना परवाना देते. मान्यताप्राप्त कॉलेज, प्रत्यक्ष अनुभव, परीक्षा, मग परवाना. स्मॉल क्लेम्स कोर्ट, वाहतुकीचे गुन्हे, घरमालक-भाडेकरू मंडळ अशा ठिकाणी ते स्वतः अशिलाच्या वतीने उभे राहतात, स्वतःचं ऑफिस थाटतात. मिसिसागा-ब्रॅम्प्टन भागात पंजाबी पॅरालीगलच्या पाट्या जागोजागी दिसतात. मराठी अजून फारसे नाहीत, यावेत असं मला मनापासून वाटतं.

रेवा_फ्रीमाँट
टोरांटोकर, इथे तसं नाही आणि हा फरक सगळ्यांनी नीट लक्षात घ्यावा. कॅलिफोर्नियाचा पॅरालीगल वकिलाच्या देखरेखीखालीच काम करतो. कायदेशीर सल्ला देत नाही, कोर्टात अशिलातर्फे उभा राहत नाही, फी ठरवत नाही, लोकांकडून परस्पर काम घेत नाही.

हे ऐकायला सोपं आणि पाळायला अवघड आहे, विशेषतः आपल्या समाजात. गणपतीच्या आरतीनंतर कुणीतरी हळूच बाजूला घेतं : 'अगं, तू वकिलाकडे असतेस ना, आमचा घरमालक डिपॉझिट देत नाही, काय करू?' नियम काय आहे हे कुठे वाचायला मिळेल ते मी सांगते. 'तुम्ही असं करा' हे सांगत नाही. मृण्मयीला हे जास्त जड जाईल, कारण तिला उत्तर येत असेल.

काही राज्यं हा उंबरठा थोडा खाली आणतायत. ॲरिझोनात २०२१ पासून परवानाधारक 'लीगल पॅराप्रोफेशनल' आहेत, ते कौटुंबिक वादांसारख्या ठरावीक क्षेत्रात कोर्टात उभे राहू शकतात. यूटामध्येही असा परवाना आहे. वॉशिंग्टन राज्याने हा प्रयोग सगळ्यात आधी, २०१२ मध्ये सुरू केला आणि २०२० मध्ये तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने तो बंद करायचं ठरवलं. जुन्यांचे परवाने राहिले, नवे थांबले. वकिलाची फी ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी तो निर्णय वाईट झाला असं माझं मत आहे.

भटक्या_जीव
पगाराचं कुणी बोलत नाहीये. आकडे सांगा की.

रेवा_फ्रीमाँट
बोलते. देशभराचा मध्यक पगार, म्हणजे निम्मे लोक ज्याच्या वर आणि निम्मे खाली, २०२४ मध्ये वर्षाला सुमारे ६१,००० डॉलर होता. हे कामगार सांख्यिकी विभागाचे आकडे. बे एरियात यापेक्षा जास्त मिळतो आणि घरभाडंही त्याच मापाने. सुरुवातीला छोट्या ऑफिसात तासावर काम मिळतं, दर कमी असतो. मोठ्या फर्ममध्ये पगार चांगला पण तिथे बिलेबल (अशिलाला बिल लावता येणाऱ्या) तासांचं लक्ष्य असतं.

दिवसाचा प्रत्येक तुकडा ०.१ तासात, म्हणजे सहा-सहा मिनिटांत लिहावा लागतो. फोन ०.२, पत्राचा मसुदा ०.६. 'फाइल पाहिली' असं मोघम लिहिलं की परत येतं. कोणती फाइल, कशासाठी, ते लिहायचं. कारण पॅरालीगलच्या तासांचं बिल अशिलाला लागतं. मिसुरी विरुद्ध जेन्किन्स या १९८९ च्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वकिलाची फी विरुद्ध पक्षाकडून वसूल होते तेव्हा पॅरालीगलचं कामही बाजारभावाने धरता येतं. आमच्या व्यवसायाला त्या निकालाने फार आधार दिला.

पश्चिमघाट
पगाराचं कळलं. एआयचं उत्तर राहिलं.

इंद्रायणीकाठ
पश्चिमघाट, तुमची शंका पोकळ नाही. कामगार सांख्यिकी विभागाच्याच अंदाजात पॅरालीगलच्या नोकऱ्यांत पुढच्या दहा वर्षांत जवळपास वाढ नाही, आणि लीगल सेक्रेटरीच्या नोकऱ्या तर कमी होतायत. जागा निघतील त्या मुख्यतः लोक निवृत्त होतील किंवा क्षेत्र बदलतील म्हणून.

पण २०२३ चं माटा विरुद्ध एव्हियांका हे प्रकरण आठवा. न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले निकाल दाखले म्हणून जोडले. ते निकाल अस्तित्वातच नव्हते. न्यायाधीशांनी ५,००० डॉलर दंड केला. प्रत्येक दाखला उघडून, निकाल खरा आहे का, त्यात खरंच तसं म्हटलंय का, नंतर तो रद्द झालाय का हे तपासणं हे पॅरालीगलचं जुनंच काम, आणि आज त्याची गरज वाढली आहे. नुसतं वर्गीकरण करणाऱ्याचं काम जाईल. तपासणाऱ्याचं राहील. म्हणून कॉलेजात लीगल रिसर्च आणि लेखनाचा विषय कधीही टाळू नका. तो सगळ्यांना नकोसा वाटतो आणि शेवटी तोच पोट भरतो.

पश्चिमघाट
हा मुद्दा मान्य. तपासणीचा कोन माझ्या लक्षात आला नव्हता. पायरीचा मुद्दा मात्र माझ्या मनात अजून आहे.

चिंचगुळाची_आमटी
मी इमिग्रेशनच्या क्षेत्रात आहे. आपल्यातल्या बायकांना इथे पाय रोवायला सोपं जातं असं माझं निरीक्षण. कारण सोपं आहे, आपण स्वतः त्या रांगेत उभे असतो. एलसीए (पगाराबद्दल मालकाचा कामगार खात्याकडचा अर्ज) काय, आरएफई (अर्जावर मागवलेले जादा पुरावे) काय, प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डाच्या रांगेतली तारीख) काय, हे कुणी शिकवावं लागत नाही.

मार्च महिना म्हणजे एच-१बी (नोकरीच्या व्हिसा) ची नोंदणी, ऑफिसात कुणी रजा मागत नाही. निवड झाली की एक एप्रिलपासून अर्ज. वर्षभर पर्म (ग्रीन कार्डासाठी कामगार खात्याची मंजुरी) चालू. त्यात नोकरीची जाहिरात दोन वेगवेगळ्या रविवारी छापील वर्तमानपत्रात द्यावी लागते. ते वर्तमानपत्र आलं की मी तारखेसकट अख्खं पान काढून ठेवते. नुसतं कात्रण कापलं तर तारीख निघून जाते आणि ऑडिट आलं की पुरावा लंगडा पडतो. त्या पानावर कुणाचं तरी ग्रीन कार्ड अवलंबून असतं, त्यामुळे मी ते कपाटात फार जपून ठेवते.

एक दुखरी गोष्टही सांगते. माझ्या पहिल्या ऑफिसात (नाव नको) एका माणसावर इतकी प्रकरणं टाकायचे की अशिलाचा फोन घ्यायला वेळ उरायचा नाही. फोनवर आपलीच माणसं रडकुंडीला आलेली असायची. मी तिथून निघाले. मुलाखतीत 'एका पॅरालीगलकडे किती प्रकरणं असतात?' हा प्रश्न बिनदिक्कत विचारा. उत्तर टाळलं तर समजा.

सुमेधा_के
इमिग्रेशनमध्ये अजून एक वाट आहे. न्याय खात्याची मान्यता असलेल्या ना-नफा संस्थांमध्ये वकील नसलेले लोक 'अधिकृत प्रतिनिधी' होऊ शकतात. अंशतः मान्यता असेल तर इमिग्रेशन खात्यासमोर, पूर्ण असेल तर इमिग्रेशन कोर्टातही प्रतिनिधित्व करता येतं. पगार फर्मपेक्षा कमी, पण निर्वासित, छळ झालेल्या बायका, एकटी मुलं यांचं काम असतं. मी अशा संस्थेत स्वयंसेवक आहे. मृण्मयी, कोर्टात उभं राहण्याची ओढ असेल तर हा पर्याय वहीत लिहून ठेव.

दिवेलागण
दुभाषाचं काम? मराठी-इंग्रजी कोर्ट इंटरप्रीटर?

सुमेधा_के
आहे, पण पूर्णवेळ पोटापाण्याइतकं मराठीचं काम मिळणं कठीण. कॅलिफोर्नियाच्या प्रमाणित भाषांत पंजाबी आहे, मराठी नाही. मराठीवाल्यांना 'नोंदणीकृत' दुभाषा म्हणून जावं लागतं. हिंदी-गुजरातीही उत्तम येत असेल तर जोडधंदा म्हणून चांगलं.

नलूमावशी
इथल्या कोर्ट रिपोर्टरबद्दल (बोललेलं शब्दशः टिपणारे) कुणी लिहा ना. माझा जुना जिव्हाळ्याचा विषय.

रेवा_फ्रीमाँट
मावशी, तुमच्यासाठी खास. आमच्या जबान्यांना रिपोर्टर येते तेव्हा मी तिच्या हातांकडे बघत राहते. छोटं यंत्र, त्यावर मोजक्या कळा, एका वेळी अनेक कळा दाबून अख्खा उच्चार उमटवायचा. राष्ट्रीय पातळीच्या परीक्षेत प्रश्नोत्तरांचा वेग मिनिटाला २२५ शब्द लागतो. दोन वकील एकाच वेळी बोलायला लागले की ती हात वर करून थांबवते आणि दोघेही मुकाट्याने थांबतात. तिचे कागद म्हणजेच अधिकृत नोंद, त्यामुळे तिचा शब्द चालतो. काही कम्युनिटी कॉलेजांत हेही शिकवतात. कोर्टांना रिपोर्टर मिळत नाहीत अशी ओरड आहे. शिकायला मात्र चिकाटी लागते, वेग येईपर्यंत बरेच जण सोडतात.

नलूमावशी
२२५! आम्हाला १२० ला घाम फुटायचा. त्या मुलींना माझा नमस्कार सांग.

माणदेशी
मी साताऱ्याहून. इथे पॅरालीगल व्हॉलंटियर आहे, नालसाच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) २००९ च्या योजनेतून. तालुका विधी सेवा समितीकडे येणाऱ्या माणसाला अर्ज लिहून देणं, मोफत वकील कसा मिळतो ते सांगणं, लोकअदालतीत प्रकरण कसं ठेवायचं ते समजावणं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला उत्पन्न कितीही असो, मोफत विधी सेवा मिळू शकते. आमच्या भागात कितीतरी बायकांना हे अजून माहीत नसतं. मानधन तुटपुंजं आहे, काम मनापासून आवडतं.

अमेरिकेतलं शिक्षण वाचून एक प्रश्न पडला. तिथे पदवी नसलेल्या बाईलाही हे शिकता येतं का?

रेवा_फ्रीमाँट
हो माणदेशी, हेच कम्युनिटी कॉलेजचं मोठेपण. माझ्या वर्गात बारावीनंतर आलेली पोरं होती, सैन्यातून निवृत्त झालेले गृहस्थ होते, एक आजी होत्या. वयाचा प्रश्न कुणी विचारला नाही. आजींना करारांचा विषय सगळ्यांत जास्त कळायचा, त्यांनी हयातभर दुकान चालवलं होतं. तुमचं काम वाचून फार बरं वाटलं.

खलबत्ता
बायको विचारते : ईएडी नसेल तर? ती एच-४ वर आहे, आय-१४० अजून मंजूर नाही.

चिंचगुळाची_आमटी
शिकायला एच-४ वर अडचण नाही. काम करायला ईएडी हवंच. ही सोय २०१५ पासून आहे आणि एच-१बी धारकाचं आय-१४० मंजूर असेल, किंवा त्याला सहा वर्षांपलीकडची मुदतवाढ मिळाली असेल, अशांच्या जोडीदारालाच. एक खाचखळगा : बऱ्याच अभ्यासक्रमांत शेवटी इंटर्नशिप असते. पगार नसला तरी ती 'काम' ठरू शकते. कॉलेजला आधीच सांगा आणि इमिग्रेशन वकिलाला लेखी विचारा. इथे कुणाच्या तोंडी सल्ल्यावर जाऊ नका, माझ्याही.

खलबत्ता
धन्यवाद. तिला दाखवतो.

मृण्मयी_स
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस सगळं परत परत वाचलं. कॉलेजच्या माहितीसत्रालाही जाऊन आले.

पश्चिमघाट, पायरीबद्दल. सोलापूरला मी उभी राहत होते हे खरं. पण माझा दिवस उभं राहण्यात कितीसा जायचा? तारीख पडायची. खरं काम आदल्या रात्री व्हायचं. सात-बाराचे उतारे, जुने फेरफार, तीस वर्षांपूर्वीचं खरेदीखत समोर ठेवून कोणत्या भावाचं नाव कुठून गळलं ते शोधायचं. एकदा एका विधवा बाईचं नाव फेरफारात वगळलेलं मला सापडलं आणि अख्ख्या दाव्याची दिशा बदलली. युक्तिवाद आमच्या सरांनीच केला. त्या दिवसाचा आनंद मला अजून पुरतो. ज्या कामात तो आनंद आहे त्याला मी खालची पायरी म्हणणार नाही.

बारचाही विचार सोडलेला नाही. पण इथली कोर्टं आतून न बघता थेट परीक्षेला बसायचं नाही असं ठरवलंय. आधी इथलं दिवाणी कामकाज आणि लीगल रिसर्च हे दोन विषय घेते.

सत्रात एक गोष्ट कळली नाही. एलएल.बी.चे काही विषय धरले तर युनिट वाचतील का? तिथल्या बाई म्हणाल्या, मूल्यमापन करून आणा. कुठून करायचं?

पश्चिमघाट
मृण्मयी, तुमचा फेरफाराचा किस्सा वाचला आणि माझं मत बदललं. जरूर करा. माझ्या कंपनीच्या कायदा विभागात करारांचं काम बघणारे लोक आहेत, वकील नसलेलेही. अभ्यासक्रम झाला की इथेच निरोप ठेवा, जागा निघाली तर कळवेन.

रेवा_फ्रीमाँट
मूल्यमापन नेसेसच्या (परदेशी पदव्यांचं मूल्यमापन करणाऱ्या संस्थांची संघटना) सदस्य संस्थेकडून करून घ्या, पण कॉलेज कुठल्या संस्था मानतं ते आधी विचारा. साधं नको, विषयवार मागा. विद्यापीठाकडून सीलबंद गुणपत्रकं मागवावी लागतील, त्याला महिनोन्‌महिने लागू शकतात, आजच अर्ज टाका. आणि मिळालं तरी कायद्याचे मुख्य विषय इथेच करायला लावतील असं धरून चला, सूट बहुधा सर्वसाधारण विषयांत मिळते. दिवाणी कामकाजाच्या विषयाला तर सूट मिळाली तरी ती सूट घेऊ नका, तो विषय इथलाच शिका.

दुसरं : कॉलेजच्या लायब्ररीतून वेस्टलॉ किंवा लेक्सिस (कायदे आणि निकाल शोधायच्या ऑनलाइन सेवा) वापरायला मिळतं का ते विचारा. मिळत असेल तर पहिल्या आठवड्यापासून हात बसवा. फेडरल प्रकरणं पेसरवर (फेडरल कोर्टांच्या कागदपत्रांची ऑनलाइन सोय) पाहा. पानाला १० सेंट पडतात, एका कागदपत्राला जास्तीत जास्त ३ डॉलर, आणि तिमाहीत ३० डॉलरपर्यंतचा वापर माफ असतो. एक खरं प्रकरण दाव्यापासून निकालापर्यंत वाचून काढा. तुम्ही ते आनंदाने कराल याची मला खात्री आहे.

इंद्रायणीकाठ
सनदेचा कागद आला की कळवा. बारच्या अभ्यासाच्या जुन्या वह्या आहेत माझ्याकडे.

वसुधा_डॅलस
उशिरा आले. मी टेक्सासमध्ये, बी.कॉम., कायद्याशी संबंध नाही. इथेही कॅलिफोर्नियासारखाच २४ युनिटचा नियम आहे का?

रेवा_फ्रीमाँट
नाही वसुधा. टेक्सासमध्ये पॅरालीगल व्हायला राज्याचा परवाना किंवा तशी युनिटची अट नाही. पण मालक शिक्षण बघतातच, त्यामुळे कम्युनिटी कॉलेजचं प्रमाणपत्र उपयोगी पडेल. अनुभव जमला की नालाची (पॅरालीगलांची राष्ट्रीय संघटना) सर्टिफाइड पॅरालीगल परीक्षा देता येते, ती १९७६ पासून चालू आहे आणि देशभर ओळखली जाते. शिवाय टेक्सासचं स्वतःचं बोर्ड सर्टिफिकेशन आहे, त्याला काही वर्षांचा अनुभव लागतो. बी.कॉम. असशील तर दिवाळखोरी, मृत्युपत्रं-वारसा आणि कंपनी कायदा या शाखा आधी बघ. तिथे ताळेबंद वाचता येणारी माणसं कमी असतात.